पिचवरून नेलेलं दही

सगळ्यात आधी एक गोष्ट साफ सांगून टाकते. मी पिचवर चप्पल घालून गेली नव्हती. ज्यानं तो व्हिडिओ काढला त्याले माझे पाय दाखवायची अक्कल नव्हती, म्हणून आमच्या मोहल्ल्यात, पुऱ्या ब्राह्मणपाऱ्यात, बोंब झाली की गोदावरीबाई चपला घालून पिचवर नाचून आली. नाचली तर मी बिलकुलच नाही. पळाली. नाचणं आन् पळणं यातला फरक ज्याले समजत नाही त्यानं व्हिडिओ काढायच्या भानगडीत पडू नये.

तर मी गोदावरी. आम्ही मूळचे वर्धेकडचे. सासरे रेल्वेच्या नोकरीत रायपूरले आले आन् मंग आम्ही इकडचेच झालो. मी पण रेल्वेतच होती, खो-खोच्या कोट्यातून लागली. नवऱ्याचं नाव नरहरी. ते इथे सांगण्यापुरतं घेतलं, घरी मी त्यांले 'ऐकता का' म्हणते आन् ते ऐकत नाहीत. आम्हाले एकच पोट्टी, गंधाली. ऑफिसात जाते, आन् ऑफिसातून सुटली की तिघा दोस्तांसंगं बँडमध्ये गाते.

त्या दिवशी ती घरी आली ते उड्या मारतच. कोणी मुंबईचा मोठा गायक आपल्या स्टेडियमवर येणार होता, आन् त्याच्या आधी दोन गाणी म्हणायले हिच्या बँडले बोलावलं होतं. मी विचारलं, आधी म्हणजे नेमकं कधी? ती म्हणे, जेव्हा लोक येऊन बसून राहिले असतील तेव्हा. मी म्हटलं, म्हणजे लोक पॉपकॉर्न घेऊन राहिले असतील तेव्हा.

आता यात खोटं काय होतं ते तुम्हीच सांगा. पण पोट्टीचं तोंड एवढंसं झालं. मंग एकाचे दोन, दोनाचे चार. तिनं माझ्या जिभेचं काढलं, मी तिच्या फाटक्या जीन्सचं काढलं, तिनं म्हटलं की तुले माझं काहीच चांगलं दिसत नाही, मी म्हटलं की चांगलं केलं तर दिसेल ना. हे मधात 'अगं, अगं' करत होते. तासाभरात तिनं बॅग भरली आन् मैत्रिणीकडे, अनुश्रीकडे, रायपूरातल्याच पंडरी मोहल्ल्यात निघून गेली. दारातून म्हणाली, "शो में मत आना, आई।" मराठी सगळं समजते तिले, भांडते मात्र हिंदीत.

आठवडा झाला. फोन नाही, मेसेज नाही. यांच्या फोनवर अनुश्री कळवत होती की जेवते, झोपते, ठीक आहे. मी कशाले विचारू? मी फक्त हे फोनवर बोलत असले की तिथे येऊन भाजी निवडायची.

आता दह्याचं सांगते, नाही तर पुढचं समजणार नाही. आमच्यात कोणी महत्त्वाच्या कामाले निघालं की त्याच्या हातावर दही ठेवतात. उजव्या तळहातावर, वरून उलशी साखर. त्यानं ते चाटायचं आन् निघायचं. काम फत्ते होते, आन् माणूस सुखरूप घरी परत येते. इकडची मंडळी चमच्यानं भरवतात, आपण हातावर देतो, मतलब एकच. गंधालीले मी नर्सरीच्या ॲडमिशनपासून दही देऊन राहिली. एकदाच चुकलं, कॉलेजच्या गॅदरिंगले, कारण थंडीत विरजण लागलं नाही, आन् त्याच दिवशी पोट्टी दुसरं कडवं विसरून स्टेजवर खांबासारखी उभी राहिली. तुम्ही म्हणाल अंधश्रद्धा आहे. म्हणा बापा. मी एखाद्या वेळी देवाशी भांडीन, दह्याशी नाही भांडणार.

पण खरं सांगू का, मले गाण्याची काळजी कमीच होती. गाते ती चांगलं, हे मी तिले सोडून साऱ्या जगाले सांगितलं आहे. मले चिंता दुसरी होती. माणूस घरी परत यावा म्हणून दही द्यायचं, आन् माझी पोट्टी आठवड्यापासून बिनदह्याची बाहेर होती. म्हणून मी ठरवलं: ती गाण्याले तोंड उघडायच्या आत तिच्या हातावर दही पडलं पाहिजे. पडलं तर ती येईल. नाही पडलं तर काय, याचा विचार मी केला नाही, करवतच नव्हता.

हे म्हणाले, ती तर येऊ नको म्हणून गेली. मी म्हटलं, शो पाहायले येऊ नको म्हणाली, दही द्यायले येऊ नको असं कुठे म्हणाली? भाच्यानं, नीलेशनं, दोन तिकिटं मोबाइलवर काढून दिली, सगळ्यात वरच्या स्टँडची, जिथून माणूस तिळाएवढा दिसते.

आदल्या दिवशी मी दूध जरा आटवूनच विरजलं. घट्ट, कवडीसारखं दही लागलं. फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा घेतला, साखरेची पुडी घेतली, एक चमचा घेतला, आन् उन्हं उतरायच्या आधीच आम्ही स्कूटरवर निघालो. बुढापाऱ्याच्या चौकापासूनच गर्दी लागली. पुरं रायपूर तिकडेच निघालं होतं, चेहऱ्याले चमक्या लावलेल्या पोट्ट्या, केसाले तेलाऐवजी काय काय लावलेले पोट्टे. यांची स्कूटर चालवायची रीत अशी की मागचा सायकलवाला घंटी मारून 'कका, साइड' म्हणते. मी मागं डबा मांडीवर धरून बसली आन् प्रत्येक खड्ड्याले यांच्या पाठीत एक चिमटा.

स्टेडियमले पोचलो तर गेटवर बायांची वेगळी रांग. तिथं पिशव्या तपासायले एक सोनिया नावाची गार्ड होती, छातीवर नाव लावलेलं. तिनं माझा डबा काढला, झाकण फिरवलं, नाक लावलं.

"अम्मा, बाहर का खाना मना है। खा लो, नहीं तो फेंक दो।"

मी म्हटलं हे खाणं नाही, शकुन आहे. ती म्हणे शकुन पण मना आहे. माझं डोस्कं सरकलं. मी तिले विचारलं, बाई, तुझ्या आईनं तुले कधी दही-शक्कर देऊन परीक्षेले धाडलं का नाही? तशी ती एकदम नरम पडली. म्हणाली की सोमवारी तिची पोलीस भरतीची दौड आहे, आन् आई तर गावाले आहे, महासमुंदच्या पुढे.

आता अशा वेळी माणसानं काय करावं? मी म्हटलं, हात कर. तिनं हातमोजा काढला, हात पुढे केला. मी चमचाभर दही ठेवलं, वर साखर टाकली. तिनं ते चाटलं, घडीभर डोळे मिटले, आन् डबा आपल्याच हातानं माझ्या पिशवीत परत ठेवून दिला. इथवर ठीक होतं. पण मागच्या बाया काही आंधळ्या नव्हत्या. एकीच्या पोराचा निकाल लागायचा होता, एकीचा दुसऱ्या दिवशी इंटरव्ह्यू होता, एकीच्या सुनेले नववा महिना लागला होता. 'मोला घलो दे ना दाई', मले पण दे ना माय, करत हात पुढं यायले लागले. सुनेच्या बाळंतपणासाठी सासूनं दही चाटून काय होते, मले माहीत नाही. पण दह्याले कोणाले नाही म्हणता येते का? शकुनाची वस्तू आहे, भाजीवाल्याची कोथिंबीर नाही.

मी आत पोचली तेव्हा डबा अर्ध्याच्या खाली आला होता. हे माझी वाट पाहत उभे होते. त्यांनी डब्यात पाहिलं आन् म्हणाले, "सांगितलं असतं तर दह्याचा पुरा गंज, मोठं पातेलंच, घेऊन आलो असतो."

तेवढ्यात एक पोट्टा आडवा आला. घामानं भिजलेला, हातात अंगठीची डबी. यशदीप नाव सांगितलं. त्यानं गेटवरचा सारा प्रकार पाहिला होता. त्याची ती खाली ग्राउंडमध्ये, स्टेजसमोर बसली होती, आन् त्याले आज तिले लग्नाचं विचारायचं होतं, पण त्याचे पायच उचलत नव्हते. म्हणे, अम्मा, मले पण द्या. मी विचारलं, खाली ग्राउंडात जायले पास लागते का? म्हणे लागते, आन् माझा एक दोस्त आला नाही, त्याचा एक उरला आहे. मी म्हटलं, बेटा, हात कर. त्याले मी दोन चमचे दिले. त्याचं काम पण तसंच होतं.

असे हे वर गेले आन् मी खाली.

खाली गेल्यावर मी उलशी थबकलीच. हे स्टेडियम बांधायच्या आधी इथं नुसतं मैदान होतं, आन् त्या मैदानावर चुन्याच्या रेषा आखून आम्ही रेल्वेच्या पोट्ट्या खो-खो खेळलो आहोत. आता सकाळी इथं पोरं दौडतात, इतवारी क्रिकेट असते, आन् मधात असं गाणंबजावणं. गवत खराब होऊ नये म्हणून प्लास्टिकच्या लाद्या अंथरल्या होत्या, त्यावर माणसंच माणसं, तीळ ठेवायले जागा नाही. पार तिकडे, दूर, स्टेज. आन् बरोबर मधात एक मोठा चौकोन पुरा खाली. चारी बाजूंनी दोरी, दोरीले लाल झेंड्या, बाहेर गार्ड उभे. ते पिच. त्या इतवारी सामना होता, म्हणून पिचले कोणी हात लावायचा नाही. बोर्ड लावला होता, 'जूते पहनकर प्रवेश मना है'.

मी गर्दीतून सरकायले पाहिलं. कोण सरकू देते? सगळ्यांचे हात वर, हातात फोन. यशदीप तर पाण्यासारखा पुढं निघून गेला, मी पिचच्या दोरीपाशी अडकली. आन् तेवढ्यात स्टेजवर लाइट लागले.

गंधाली आली. मोठ्या पडद्यावर तिचं तोंड दिसलं, दुमजली घराएवढं. आठवड्यानं पाहिलं मी तिले. वाळली होती. केस मोकळे, तीच फाटकी जीन्स. गिटारवाल्यानं सुरुवात केली, ढोलवाल्यानं ठेका धरला, आन् जिथं तिनं गायचं होतं तिथं ती गायलीच नाही. गिटारवाल्यानं तिच्याकडे पाहिलं आन् परत पहिल्यापासून वाजवलं. परत तेच. माइक तोंडाशी, पण आवाज नाही. उजवा हात तेवढा जीन्सले पुसून राहिली होती, पुसून राहिली होती. समोरची पोरं हसायले लागली. कोणी शिटी मारली. कोणी त्या मुंबईवाल्याच्या नावानं ओरडायले लागलं. आन् माझ्या बाजूचा एक भैताड त्याच्या दोस्ताले म्हणे, चल, तब तक पॉपकॉर्न ले आते हैं.

त्याच्याकडे मी असं पाहिलं की तो तिथंच बसला.

मंग मी चपला काढल्या. पदर खोचला, पिशवी टाकली, डबा तेवढा छातीशी धरला, आन् दोरीखालून वाकून पिचच्या चौकोनात शिरली. बोर्ड मी वाचला होता. जूते घालून मना होतं. मी तर अनवाणी होती, देवळात जावं तशी.

पहिली शिटी मागून आली, दुसरी उजवीकडून. चौकोनाच्या चारी अंगांनी गार्ड धावले आन् दोरीपाशी येऊन असे थांबले की जसा समोर नाला लागला. त्यांच्या पायात बूट होते ना. साहेबांनी त्यांले सांगून ठेवलं असावं की जो पिचवर बूट ठेवेल त्याची नोकरी गेली. ते बाहेरून 'अम्मा, बाहर आओ, अम्मा, बाहर आओ' करत, आन् मी आत, मऊ मातीवर, स्टेजच्या दिशेनं. मी पुढं गेली की पुढचे गार्ड हात पसरून उभे. मी डावीकडे वळली की ते डावीकडे. उजवीकडे वळली की उजवीकडे.

आता खो-खोचं ऐका. खो-खोत पळणारा पायानं कमी आन् खांद्यानं जास्त खेळते. खांदा इकडे दाखवायचा आन् अंग तिकडे न्यायचं. पाठलागवाल्याची नजर खांद्यावर असते, तो फसतेच. माझे टोंगळे, म्हणजे गुडघे, आता पहिल्यासारखे राहिले नाहीत, डॉक्टरनं पालथी मांडी बंद केली आहे, पण खांदे शाबूत आहेत. मी डावा खांदा टाकला, चार गार्ड डावीकडे धावले, एकमेकांवर आदळले, आन् मी उजव्या कोपऱ्यात.

कोणीतरी कॅमेरा माझ्याकडे फिरवला. मले काय मालूम. मी पाहिलं तर मोठ्या पडद्यावर एक बाई हिरव्या साडीत डबा घेऊन पळून राहिली होती, आन् माझ्या मनात आलं, ही कोण येडी. पुढच्या घडीले समजलं. पुरं स्टेडियम उठून उभं राहिलं. आधी हसणं, मंग टाळ्या, मंग एका तालात 'अम्मा, अम्मा' सुरू झालं. ढोलवाला पण येडाच, त्यानं त्याच तालावर ठेका धरला. मी सांगते तुम्हाले, रेल्वेकडून खेळताना आमच्या फायनलले गावची दोन कुत्री आन् एक चहावाला पाहायले होता. आन् या वयात माझ्या एका हुलकावणीवर पुरं रायपूर ओरडून राहिलं होतं. मी कशाले खोटं बोलू, मले बम मजा आली. मी एक हुलकावणी तर फुकटच दिली, गरज नसताना.

पण एक गार्ड हुशार निघाला. लहानू त्याचं नाव, तो या सगळ्यांचा सुपरवायझर, गोंदियाकडचा. तो दोरीपाशी खाली बसला, शांतपणे बुटाच्या लेसा सोडल्या, आन् मोजे घालून आत आला. "अवं बाई, कुठं चालली?" तो मराठीत ओरडला. मी पळता पळताच त्याले सांगितलं की पोरीले दही द्यायले. तो म्हणे, कोणती पोरगी? मी स्टेजकडे बोट दाखवलं. तो एक घडी थबकला, पण ड्युटी ती ड्युटी, परत मागं लागला. तो तरणा, मी अशी. पिचच्या मधल्या चोपड्या जागेवर मोज्यानं त्याचा पाय सटकला, तो बसकण मारून बसला, स्टेडियमनं 'ओ' केलं, आन् मी दोरीखालून पलीकडे.

पलीकडे गर्दी होती, पण आता गर्दी माझी होती. लोकांनी भांग पाडावा तशी वाट दिली. बाया पाठीवर हात ठेवून पुढं ढकलत होत्या. मधात यशदीप दिसला, बाजूले त्याची पोट्टी, तिच्या बोटात अंगठी, आन् तो दोन्ही हात वर करून मले ओरडून सांगत होता, "अम्मा, हाँ बोल दी!" मी म्हटलं, सुखी राहा, बाजूले हो.

आन् मंग स्पीकरमधून, चारी बाजूंनी, ढगातून आल्यासारखा आवाज आला.

"आई?"

मी वर पाहिलं. गंधाली माइक धरून उभी होती. तिचं तोंड आधी रडवेलं झालं, मंग कसंसं झालं, आन् मंग तिले जे हसू फुटलं ते थांबेचना. माइक तोंडाशीच होता, पुऱ्या स्टेडियमनं ते हसणं ऐकलं. लहानपणी गुदगुल्या केल्यावर हसायची तसं, मधात श्वास अडकत अडकत. आठवड्याभरात माझ्या घरात कोणी हसलं नव्हतं. मी तिथंच स्टेजसमोरच्या कठड्याले धरून उभी राहिली आन् मले वाटलं, आता माझा जीव गेला तरी चालते, फक्त आधी हे दही.

ती स्टेजच्या काठावर आली, उकिडवी बसली, आन् उजवा हात पुढं केला.

मी डबा उघडला. दही कुठलं? एवढ्या पळापळीत त्याचं ताक झालं होतं, तेही तळाले, दोन घोट. साखरेची पुडी पिशवीत, पिशवी पिचपलीकडे. पण हात समोर होता. मी टाचा उंचावल्या, डबा तिच्या तळहातावर तिरपा केला. बोटांमधून गळायले लागलं तशी तिनं तोंड लावलं आन् ओढलं, आन् दुसऱ्या हातातला माइक तिथंच, त्यामुळे 'सुर्रर्र' असा आवाज वरच्या स्टँडपर्यंत गेला. एवढी माणसं हसली. मी पण हसली.

मले तिले विचारायचं होतं. आठवडाभर एकच वाक्य मनात घोळून ठेवलं होतं मी, की बाळा, घरी येशील ना? ते गळ्यापर्यंत आलं. आन् तोंडातून काय निघालं, तर, "केस काहून मोकळे सोडले?"

माझ्या जिभेले काय करावं, तुम्हीच सांगा.

ती काही बोलायच्या आत लहानूनं मागून माझं कोपर धरलं. पुऱ्या मोज्यांले माती, श्वास फुललेला. म्हणाला, चला मावशी, आता बस झालं. मी काही झगडली नाही. माझं काम झालं होतं, आन् अर्धं राहून गेलं होतं. त्यानं मले स्टेजच्या बाजूच्या गेटातून बाहेर काढलं. लोक 'छोड़ दो, छोड़ दो' ओरडत होते, पण मीच चालत होती. वरच्या स्टँडकडे पाहिलं, हे कुठं दिसते का म्हणून. तिळासारखी माणसं, त्यातला माझा तीळ कोणता ते समजेना.

बाहेर भिंतीपाशी सायकली, जनरेटर, एक ठेलेवाला. लहानूनं मले प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आन् वॉकीटॉकीवर कोणाले तरी सांगायले लागला की बाई मिळाली, बूट नव्हते, पिच ठीक आहे. सांगता सांगता तो मधातच थांबला.

आत गंधालीनं तोंड उघडलं होतं.

काय गायली पोट्टी, काय सांगू. भिंतीच्या इकडे बसून ऐकलं मी. पहिला सूरच असा सरळ, मोकळा निघाला की ठेलेवाल्यानं चमचा खाली ठेवला. पहिलं कडवं झालं. मी पदराचं टोक मुठीत आवळून बसली. दुसरं कडवं आलं, आन् ती विसरली नाही, उलट तिनं ते दोनदा घेतलं, दुसऱ्या वेळी आणखी वर नेऊन. आत जो गजर झाला तो भिंतीतून माझ्या पाठीत धडकला. लहानू म्हणे, मावशी, हे तुमची पोरगी? मी म्हटलं, हव.

तरी मन जागेवर नव्हतं. गाणं तर झालं, नाव झालं, आता ती मुंबईवाल्यांच्या संगतीत बसेल, दोस्तांसंगं जेवेल, आन् परत पंडरीले जाईल. हातावर काय पडलं, तर ताक. बिनसाखरेचं. आन् वरून माझं ते केसांचं. मी त्या खुर्चीत बसून स्वतःले एवढ्या शिव्या दिल्या की रेल्वेच्या कॅन्टीनमध्ये पण कधी ऐकल्या नसतील.

टाळ्या उलशा कमी झाल्या आन् स्पीकरमधून परत तिचा आवाज आला. धापा टाकत होती.

"वो सिक्योरिटी वाले भैया, जो मेरी आई को ले गए हैं, उनको छोड़ देना प्लीज़। घर की चाबी उन्हीं के पास है। रात को मुझे घर जाना है।"

आत सारे हसले. त्यांच्यासाठी ती गंमत होती.

आता एक सांगते, जे तुम्हाले मी आतापर्यंत सांगितलं नाही. त्या दिवशी बॅग घेऊन जाताना गंधालीनं आपली चाबी किचेनमधून काढली होती आन् फ्रिजवर ठेवून दिली होती. फेकली नाही, आपटली नाही. नीट ठेवून दिली. आठवडाभर मी तो फ्रिज पुसला, चाबीच्या चौफेर पुसला, चाबीले हात लावला नाही.

लहानूनं वॉकीटॉकी खिशात घातला. म्हणाला, जा मावशी, तुमाले सुट्टी. पण मले कुठं उठता येत होतं? मी त्याचाच हात दोन्ही हातांनी धरला आन् त्याच्या वर्दीच्या बाहीत तोंड घालून रडली, चांगली हमसून हमसून रडली. तो बिचारा मोज्यावर उभा राहिला, हलला नाही.